जांभळ्यातलं पिवळ्यात

अण्णांचं दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं असतं आणि त्या दिवशी आमच्या घरात सकाळी साडेसहापासून वातावरण तंग, कारण फास्टिंग, म्हणजे अण्णांना चहा नाही. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, बायपास झाली, सांगलीतले दोन महापूर बघितले, पण सकाळचा चहा तासभर पुढे गेलेला सहन होत नाही. ह्या वेळी लॅबमधून नवीनच मुलगा आला होता, बावीस-तेवीसचा असेल, पाठीला सॅक, हातात तो छोटा थंड डबा. "आजोबा, मूठ मिटा" म्हणाला तर अण्णांनी मुठीची उघडझाप सुरू केली, कुणीतरी तीस वर्षांपूर्वी सांगितलेलं असणार, शीर वर येते म्हणून. मी म्हटलं, अण्णा, नुसती मिटून ठेवा, पंप मारू नका. (जोरजोरात उघडझाप केली की स्नायूंमधलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि रिपोर्टात आकडा उगाच वर जातो. पण हे त्यांना सांगत बसले नाही.)

तेवढं एक वाक्य बोलले आणि गप्प बसायचं ठरवलं. सत्तावीस वर्षं लॅबमध्ये काढल्यावर मला एक गोष्ट नक्की कळलीये, की पेशंटच्या घरात कुणी डोळे लावून बघत बसलं की चांगला हातसुद्धा थरथरतो. म्हणून मी आपली पेपर घेऊन बसले, पण पेपरच्या वरून बघत होते, खोटं कशाला बोलू.

सुई छान गेली. आधी पिवळ्या बुचाची ट्यूब लावली, बरोबर. पण रक्त येईना, तळ जेमतेम ओला झाला आणि थांबलं. ट्यूबमधला व्हॅक्युम गेलेला असणार, जुना स्टॉक नाहीतर गाडीवर आपटून आलेला. त्याने ती काढून जांभळी लावली, ती झरझर भरली, मग साखरेसाठीची ग्रे, ती पण भरली. मग परत पिवळी, दुसरी काढली सॅकमधून, आणि तोवर अण्णांची शीर बसली. काढली सुई, दाबला बोळा. आता ट्रेमध्ये जांभळी गळ्यापर्यंत भरलेली, ग्रे भरलेली, आणि पिवळीत अर्धा एमएल असेल नसेल. किडनीचं क्रिएटिनिन आणि सोडियम-पोटॅशियम सगळं त्या पिवळीतून व्हायचं होतं. त्याने एकदा पिवळीकडे बघितलं, एकदा जांभळीकडे. मग दाराकडे.

त्याच्या मनात काय चाललंय ते मला अगदी नीट कळत होतं. १९९२ साली मी पण हाच विचार केला होता, आणि नुसता विचार करून थांबले नव्हते.

डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, होऊन सहा-सात महिने झाले असतील. लॅब छोटी, एका पॅथॉलॉजिस्ट सरांची, दोन खोल्या आणि एक बाक. तेव्हा आम्ही ट्यूब म्हणायचो नाही, बल्ब म्हणायचो, अजून पण जुनी लोकं ईडीटीए बल्ब, प्लेन बल्ब असंच म्हणतात (ईडीटीए म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, प्लेन म्हणजे साधा). आणि बल्ब म्हणजे काय तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या. आमचे मामा (लॅबमधले मामा, नात्यातले नाही) त्या घासूनपुसून, उकळून, वाळवून ठेवायचे. मग त्यात ईडीटीएच्या द्रावणाचे मोजून दोन थेंब टाकायचे, ओव्हनमध्ये सुकवायचे, तळाला पांढरा पातळ थर दिसला की रबरी बूच लावायचं आणि वर पट्टी चिकटवून पेनाने लिहायचं, ई, पी, एफ, म्हणजे ईडीटीए, प्लेन, फ्लोराइड. रंगबिंग काही नाही. त्याच्या आधी ईडीटीएच्या जागी डबल ऑक्झलेट होतं, मामा त्याच्या आठवणी सांगायचे, तीन भाग अमोनियमचं आणि दोन भाग पोटॅशियमचं ऑक्झलेट. एकाने पेशी फुगतात आणि दुसऱ्याने आकसतात, म्हणून दोन्ही मिसळून समतोल साधायचा. पण त्यातल्या रक्तावर युरिया करायची सोय नाही, कारण युरिया मोजायचा अमोनियावरून आणि अमोनिया आपणच आत घातलेला. मला तेव्हा हे ऐकून हसू यायचं. नंतर कळलं की सगळ्याच बल्बांची हीच गोष्ट आहे, प्रत्येकात आपण काहीतरी घालून ठेवलेलं असतं आणि ते एका टेस्टला सांभाळतं आणि दुसरीला मारतं.

तर एक आजी आल्या होत्या, बारीक, हातावर शिरा नावालाच. कसंबसं तीन एमएल मिळालं. दोन एमएल ईडीटीएत घातलं सीबीसीसाठी, म्हणजे पेशी मोजायला, राहिलेलं प्लेनमध्ये. मग चिठ्ठी उलटून बघितली तर मागे इलेक्ट्रोलाइट (सोडियम-पोटॅशियम) आणि कॅल्शियम पण लिहिलेलं. प्लेनमधलं पुरणार नव्हतं. आजींना परत टोचायची माझी हिंमत होईना, त्यांनी पहिल्यालाच आई गं म्हणून माझा हात धरला होता. आणि मी मनात म्हटलं, रक्त तर एकाच बाईचं आहे ना. जांभळ्यातलं... म्हणजे तेव्हा जांभळं नव्हतंच, ईडीटीएमधलं थोडं प्लेनमध्ये ओतलं. काय फरक पडतो.

संध्याकाळी फ्लेम फोटोमीटरवर, म्हणजे ज्योतीवरून मोजणाऱ्या यंत्रावर, पोटॅशियम आलं नऊच्या पुढे. नॉर्मल असतं साडेतीन ते पाच. कॅल्शियम आलं चारच्या घरात, असायला हवं साडेआठच्या वर. मी परत लावलं, परत तेच. सरांकडे घेऊन गेले. सरांनी कागद बघितला, चष्मा काढला आणि विचारलं, "बाई कुठे आहेत?" मी म्हटलं बाहेर बाकावर, रिपोर्ट घेऊनच जातो म्हणाल्या. सर उठून दारात गेले. आजी नातवाला चहात पाव बुडवून भरवत होत्या. सर परत आले आणि शांतपणे म्हणाले, "ह्या पोटॅशियमला हृदय चालत नाही. आणि बाहेर तर ते पाव भरवतंय. मग हे पोटॅशियम कुणाचं?"

मी म्हटलं, सर, माझं. म्हणजे मला म्हणायचं होतं माझी चूक, पण तोंडातून तेवढंच आलं.

झालं काय होतं, तर आमचं ईडीटीए हे पोटॅशियमचं मीठ होतं, आजही जांभळ्या ट्यूबमध्ये तेच असतं. म्हणजे मी आजींच्या रक्तात चमच्याने पोटॅशियम घातल्यासारखंच केलं. आणि कॅल्शियमचं म्हणाल तर ईडीटीएचं कामच कॅल्शियम पकडायचं आहे. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, ते पकडून ठेवलं की रक्त पातळ राहतं, एवढी साधी युक्ती. अशा पकडणाऱ्या रसायनांना कीलेटर म्हणतात आणि तो शब्द ग्रीकमधल्या खेकड्याच्या नांगीवरून आलाय, हे मला पुढे कधीतरी वाचून कळलं आणि इतकं पटलं की काय सांगू, कारण खेकड्याने एकदा बोट धरलं की काय होतं ते आमच्या ओढ्यावर खेळलेल्या प्रत्येकाला माहितीये. आणि गंमत म्हणजे हे ईडीटीए रक्तासाठी बनलेलंच नव्हतं. १९३५ साली जर्मनीत फर्डिनांड म्युंझ नावाच्या केमिस्टने ते कापड रंगवण्याच्या कामासाठी बनवलं, पाण्यातलं कॅल्शियम रंगात लुडबुड करतं म्हणून. जड पाणी रंगाला काय ताप देतं ते इचलकरंजीच्या प्रोसेसवाल्यांना विचारा. रक्ताच्या बाटलीत ते पुढे पंधरा-सोळा वर्षांनी आलं.

निळ्या ट्यूबमधलं सायट्रेट पण कॅल्शियमच पकडतं, पण त्याची पकड सैल, खेकड्यासारखी नाही, उसनं घेतलेलं मागितलं की परत देणाऱ्या शेजारणीसारखी. म्हणून तर रक्त गोठायला किती सेकंद लागतात ही टेस्ट निळीतच होते, मशीनमध्ये वरून परत कॅल्शियम घालायचं आणि घड्याळ लावायचं. फक्त तिथे हिशोब एकदम काटेकोर, एक भाग सायट्रेट आणि नऊ भाग रक्त. निळी ट्यूब अर्धी भरली की सायट्रेट जास्त झालं, वरून घातलेलं कॅल्शियम पण तेच गिळून टाकतं आणि रक्त गोठायला उशीर लागतो. आमच्या शेजारच्या काकूंची झडप बदललेली आहे, रक्त पातळ व्हायची गोळी चालू, दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा. एकदा अचानक खूप वर आला, घरचे घाबरले, डॉक्टर गोळी कमी करायच्या विचारात. मी सहज विचारलं, काकू, निळ्या बुचाची ट्यूब पूर्ण भरली होती का हो? म्हणाल्या, छे गं, रक्तच येत नव्हतं, निम्म्यावर सोडली त्याने. परत दिलं, तर आकडा जागेवर. आता विचार करा, गोळी कमी केली असती आणि झडपेवर गुठळी झाली असती तर दोष कुणाला दिला असता? गोळीला, डॉक्टरला, नशिबाला. अर्ध्या ट्यूबला कुणीच दिला नसता.

लोकांना वाटतं रंग म्हणजे रक्ताचे प्रकार. अण्णा अजून विचारतात, जांभळीत वेगळं रक्त जातं का. रक्त तेच हो, प्रश्न वेगळे. अंगातून बाहेर पडलं की रक्त एका जागी थांबत नाही, ते गोठायला लागतं, पेशी साखर खात राहतात, फुटतात, आतलं पोटॅशियम बाहेर सोडतात. आपल्याला जे विचारायचंय तेवढ्यापुरतं त्याला थांबवायचं, हे त्या बुडाच्या पावडरीचं काम. पेशी मोजायच्या, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) बघायचं तर जांभळी. पिवळीत उलटं, तिथे गोठूच द्यायचं, अर्धा तास शांत उभी ठेवायची, मग सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवली की गुठळी खाली, मधे जेलचा पडदा आणि वर सिरम, दह्यावरच्या निवळीसारखं स्वच्छ. आजकाल घाई इतकी झालीये की गोठायच्या आधीच फिरवतात, मग त्या निवळीत जाळ्या राहतात आणि मशीन अडकतं आणि शिव्या मशीनला.

आणि ग्रे, फ्लोराइडवाली, साखरेसाठी. ग्रेबद्दल मला एक शिबिर आठवतं. गावात मधुमेह तपासणी, मंडप, सत्कार, नारळ, सगळं. आमच्याकडचे फ्लोराइडचे बल्ब संपले आणि आयोजकांपैकी कुणीतरी म्हणालं साधे वापरा, रक्तच आहे. (हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलंय आणि एकदा स्वतः म्हटलंय.) नमुने पिशवीत, पिशवी एसटीत मांडीवर, वाटेत टायर बदलला, लॅबला पोचेपर्यंत तीन तास गेले, वर एप्रिलची दुपार. साध्या बल्बमध्ये पेशी दर तासाला पाच ते सात टक्के साखर फस्त करतात, गरमीत जास्तच. म्हणजे सकाळी १४० असलेली फास्टिंग दुपारी ११५ सुद्धा दाखवू शकते. निकाल मस्त आले. गावातल्या एका काकांनी साखर नाही म्हणून पेढे वाटले म्हणे. मी कितीतरी दिवस ते पेढे आठवून अस्वस्थ व्हायचे, वाटायचं जाऊन सांगावं, पण गेले नाही, ते पण खरंच. फ्लोराइड तरी काय जादू नाही, ते पेशींच्या साखर पचवायच्या साखळीत अगदी शेवटाकडच्या एका एन्झाइमला अडवतं, त्यामुळे पहिला तास-दोन तास गळती चालूच राहते, नंतर थांबते. म्हणून लवकर पोचवणं आणि थंड ठेवणं ह्याला पर्याय नाही, डब्यात बर्फाची पिशवी आहे का हे मी अजून पण बघते.

जांभळी पण धुतल्या तांदळासारखी नाही बरं का. काही लोकांच्या रक्तात, मोजक्याच, ईडीटीए लागलं की प्लेटलेट एकमेकींना चिकटून घोळके करतात. अंगात व्यवस्थित असतात, ट्यूबमध्ये गेल्यावर चिकटतात. मशीनला घोळका म्हणजे प्लेटलेट वाटत नाही, मोजतच नाही. डेंग्यूच्या सीझनला प्लेटलेट २८ हजार म्हटल्यावर घरच्यांची काय धावपळ होते ते सांगायला नको, डोनर शोधा, ग्रुपवर मेसेज टाका, पपईच्या पानाचा रस पाजा. आमच्याकडे एका मुलाचं असंच आलं, मुलगा बाकावर बसून मोबाईलवर गेम खेळतोय, अंगावर एक डाग नाही. सरांचा नियम होता, आकडा कमी दिसला की स्लाईड बघायची. बघितली तर कडेला हे एवढाले पुंजके. निळ्या बुचात परत घेतलं, आलेल्या आकड्याला १.१ ने गुणलं, कारण सायट्रेटचं पाणी मिसळलेलं असतं, आणि दीड लाखाच्या वर आल्या. त्याच्या आईने सरांच्या टेबलाला नमस्कार केला. आता मोठमोठ्या लॅबमध्ये मशीनच घोळक्याचा इशारा देतं, पण इशारा वाचायला माणूस लागतो, आणि मला शंका आहे की रात्री अकराला दोनशे नमुने संपवायचे असताना तो किती वाचला जातो.

ते सोडा. व्हॅक्युमच्या ट्यूब आमच्याकडे आल्या तेव्हा मामा नाराज झाले होते, घासायचं कामच गेलं. युक्ती तशी जुनीच, १९४९ सालचं जोसेफ क्लायनर ह्यांचं पेटंट, काचेच्या नळीतली हवा काढून घ्यायची आणि रबरी बूच लावायचं, सुई बुचातून आत गेली की नळीच रक्त ओढून घेते आणि पाहिजे तेवढंच ओढते. सिरिंजने काढायचं म्हणजे ओढणारा हात आपला, जोरात ओढलं की पेशी फुटणार, सिरम गुलाबी, आणि पोटॅशियम परत खोटं. ह्या नळ्यांनी ते बरंच कमी केलं. आणि रंग आणले. पण रंग सगळीकडे एक नाहीत हं. माझ्या मैत्रिणीची मुलगी नर्स आहे, जर्मनीला गेली, तिथल्या ट्यूब वेगळ्याच, सिरिंजसारखा दट्ट्या असलेल्या, आणि ईडीटीएचं बूच लाल! सायट्रेट हिरवं! पहिला आठवडा हात आपोआप चुकीकडे जायचा म्हणाली. आपल्याकडे लाल म्हणजे प्लेन, हिरवं म्हणजे हेपॅरिन. मी तिला म्हटलं, रंग विसर, बुडाला काय आहे ते वाच, आम्ही पेनाने लिहिलेली ई, पी, एफ वाचायचो तसंच.

बरं, किती रक्त काढतात ह्याबद्दल अण्णांची कायमची तक्रार. जांभळी दोन एमएल, ग्रे दोन, पिवळी साडेतीन-चार, सगळं मिळून दोन चमचे पण नाही. अंगात पाच लिटरच्या आसपास असतं. अण्णांचं म्हणणं, दोन चमचे तर दोन चमचे, पण माझेच का.

आणि त्या दोन चमच्यांत कधी कधी काय सापडेल सांगता येत नाही. बॉम्बे ब्लड ग्रुप ऐकला असेलच, १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेला. अशा माणसाचं रक्त नुसत्या पेशींवर तपासलं तर सरळ ओ दिसतं. पण त्याच ट्यूबमधला वरचा प्लाझ्मा घेऊन ओच्या पेशींशी मिसळला की गुठळ्या, म्हणजे ओ चढवलं तर जीवावर बेतणार. म्हणून ग्रुप दोन्ही बाजूंनी करायचा असतो, पेशींनी पण आणि प्लाझ्माने पण. छोट्या लॅबमध्ये तेव्हा अर्धंच करायचे, आमच्याकडे सर दोन्ही करायला लावायचे आणि मी कंटाळा करायचे. सत्तावीस वर्षांत मला एक पण बॉम्बे सापडला नाही. मी कंटाळा केलेल्यांत एखादा होता का, हे आता कोण सांगणार.

त्या आजींचं पुढे काय, तर सरांनी मलाच बाहेर पाठवलं. जाऊन सांग, परत घ्यायचंय, आणि कारण सांग. मी गेले, आजी, माझ्याकडून चुकलं, परत टोचायला लागेल. त्यांनी नातवाचं तोंड पदराने पुसलं, बाही वर केली आणि म्हणाल्या, "आता ह्या हाताचं घे, त्याचं झालंय घेऊन." दुसऱ्या हाताची शीर चांगली निघाली. पोटॅशियम ४.१ आलं. मला तो आकडा तीस वर्षांनी पण पाठ आहे, माझा स्वतःचा ब्लड प्रेशरचा आकडा नाही.

तर आमच्या घरातला तो मुलगा. त्याने दाराकडे बघितलं, मग परत पिवळीकडे. बाहेर जाऊन गाडीजवळ बुचं काढून ओतलं असतं तर कुणाला कळलं असतं? मशीनला कळलं असतं कदाचित, त्याच्या लॅबमधल्या कुणाला कळलं असतं की नाही देवाला माहिती. मी पेपरचं पान उलटलं, वाचत काहीच नव्हते. तोंडातून शब्द बाहेर पडायलाच आला होता.

"आजोबा," तो म्हणाला, "सॉरी, पण परत एकदा टोचायला लागेल. दुसरा हात द्या ना."

अण्णा भडकले. हे काय, रक्त कमी पडलं तर त्या जांभळ्यातलं घाल की थोडं, ती काठोकाठ भरली आहे! मुलगा लाल झाला, म्हणाला, "नाही चालत आजोबा, त्यात पावडर असते." नवीन सुई फोडली, नवीन पिवळी काढली, बोटाने टिचकी मारून बघितली, अण्णांच्या डाव्या हाताची शीर शोधायला त्याला दोन मिनिटं लागली आणि पूर्ण वेळ अण्णा लॅबच्या, सरकारच्या आणि माझ्या नावाने बोलत होते. भरली ट्यूब. मग त्याने ती सावकाश पाच वेळा उलटीसुलटी केली, नाव विचारून, चिठ्ठीशी ताडून, तिथेच खाटेजवळ बारकोड लावला.

मी चहा टाकला, तिघांचा. त्याला अजून तीन घरं करायची होती, नको म्हणत होता, पण खारी बघून बसला.